भीमाबाईंचा प्रश्न

मी, विजयमाला सहादेव निकाळे, वय बासष्ट, धर्म बौद्ध, व्यवसाय रक्ताच्या कर्करोगावरील संशोधन, आता निवृत्त, राहणार राहाता, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र शांत चित्ताने आणि केवळ स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. हृदय थकले आहे, बुद्धी शाबूत आहे; तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहाता येथील दोन खोल्यांचे घर व मागची पेरूची झाडे ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती माझी पुतणी प्रज्ञा हिला मिळावी. तिचे वडील, माझा धाकटा भाऊ जालिंदर, यांचा त्यात मालकी हक्क राहणार नाही. आमची आई चांगुणाबाई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा जालिंदरने मला मुंबईला तार केली नाही. "आईच म्हणली, तिला कामातून उठवू नका," असे तो आजही सांगतो. ते खरे असावे. आईचा तसा समज मीच करून दिला होता. तरी माझा राग गेलेला नाही. मात्र जालिंदर हयात असेतो त्याला या घरातून कोणी जा म्हणू नये.

कलम २. माझा सूक्ष्मदर्शक गावातील मुलींच्या शाळेला द्यावा. शाळेने तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये. मुलींनी कांद्याचा पापुद्रा पाहावा, डबक्यातले पाणी पाहावे. काच फुटली तर फुटू द्यावी.

कलम ३. माझे छापील निबंध रद्दीत घालावेत. बहुतेकांवर पहिले नाव आमच्या विभागप्रमुखांचे आहे; ते इथेही लिहून त्यांना आणखी मान देत नाही. पण खरे दुःख ते नव्हे. कोंबड्यांत आणि उंदरांत हा रोग विषाणूने होतो, हे सिद्ध झाले होते. मुलांतही तसेच असणार असे धरून मी उमेदीची सगळी वर्षे त्यांच्या रक्तात तो विषाणू शोधला. मला तो कधीच सापडला नाही. 'नाही' हेही एक उत्तर असते, असे विद्यार्थ्यांना शिकवत आले. स्वतःला ते पटवता आले नाही.

कलम ४. बँकेतील माझ्या ठेवीविषयी. इथे कारण लिहिणे भाग आहे.

तो शोध भरात असताना मी एकदा नमुने आणायला मुंबईच्या आमच्या रुग्णालयातील मुलांच्या वॉर्डात गेले होते. एरवी आम्ही प्रयोगशाळेतली माणसे तिकडे फिरकत नसू. तिथे राजूरकडच्या डोंगरातल्या भीमाबाई आपल्या आजारी मुलापाशी बसल्या होत्या. मी नगर जिल्ह्यातली, हे कळताच त्यांनी माझा हात धरला.

"बाई, ह्याला हे कशानं झालं? मी पोटुशी असताना गिरान पाळलं न्हाई, गवताला गेले, म्हनून झालं म्हनती सासू. मालकबी तेच म्हनत्यात."

मी म्हटले, "ग्रहणानं काही होत नाही. तुमचा यात काही दोष नाही."

"मग कशानं?"

"ते अजून आम्हाला कळलेलं नाही."

"कळलं की सांगा," त्या म्हणाल्या.

मुलगा त्याच वर्षी गेला. मी भिंगापाशी परतले आणि भीमाबाईंसाठीच उत्तर शोधते आहे, असे समजत राहिले. उत्तर पुढे दुसऱ्यांच्या कामातून हळूहळू मिळत गेले: पेशी दुभंगताना तिच्यातली गुणसूत्रे कधी तुटतात, भलतीकडे जुळतात. आईच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही.

निवृत्तीनंतर मी राजूरला गेले. बाजारात विचारत विचारत भीमाबाईंचा पत्ता लागला. त्या भावाच्या घरी राहत होत्या. मुलगा गेल्यावर नवऱ्याने त्यांना घरातून काढले होते आणि दुसरे लग्न केले होते. भीमाबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. मी सगळे समजावून सांगितले. त्यांनी हात थांबवला नाही.

"मला ठावंच हुतं, बाई. तुमी तवाच सांगितलं हुतं. पर माझ्या घरी येऊन सासूला सांगाया पायजे हुतं. शिकलेली बाई म्हनली असती, तर तिनं ऐकलं असतं."

सासू केव्हाच वारली होती. नवराही राहिला नव्हता. मी काही मदत देऊ केली. "आता कशाला?" एवढेच त्या म्हणाल्या. मग जेवूनच जा म्हणून बसवून घेतले.

इतक्या वर्षांत राजूरची एसटी मला एकदा तरी धरता आली असती. ते माझे काम आहे, हेच सुचले नाही.

सबब, ठेव न मोडता तिच्या व्याजातून त्या वॉर्डासाठी एक बाई नेमावी. पदवीची अट नाही. खेड्यातली बोली यावी आणि सासवांपुढे बोलायची हिंमत असावी. तिने आईसोबत तिच्या गावी जावे आणि नवरा, सासू, भावकी यांना समोर बसवून सांगावे की हा रोग हिच्यामुळे झालेला नाही. मूल बरे झाले तर जावे. मूल गेले तर अवश्य जावे, आणि दिवस घालण्याआधी जावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रज्ञाने करावी. मजकूर मी स्वहस्ते लिहिला व दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. चौथे कलम वाचून झाल्यावरही त्यातील एकही शब्द बदललेला नाही.

सही: विजयमाला सहादेव निकाळे

साक्षीदार:
१. मालनबाई रंगनाथ सदाफळ, शेजारी, राहणार राहाता
२. पंकज यादव पठारे, शिक्षक, राहणार राहाता

स्थळ: राहाता
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९७