ऑर्विलमामांचे वल्हे

वॉसाऊ, विस्कॉन्सिन
२० फेब्रुवारी

ऑर्विलमामांना आर्लेनचा टोपी काढून नमस्कार (टोपी लगेच परत घातली, गॅरेजमध्ये बसून लिहितो आहे). गुडघा कसा आहे? तळ्यावरचा बर्फ अजून तुमची मासेमारीची झोपडी पेलतो ना? इकडे सगळे क्षेम, म्हणजे लोर्ना माझ्याशी बोलते आहे.

मामा, माझा तुमच्यावर राग होता, तो सांगूनच टाकतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तुम्ही आलात, तेव्हा मी बिअरचा काढा उकळून निववत ठेवला होता. त्याला पुढे मळके बोटही लागता कामा नये, म्हणून चमचे, नळ्या, झाकणे अर्धा दिवस औषधाच्या पाण्यात बुडवत होतो (लोर्ना म्हणते, एवढी स्वच्छता न्हाणीघरात दाखवली असतीस तर संसार सोन्याचा झाला असता). मी यीस्ट आणायला वळतो न वळतो, तोच तुम्ही "अरे, ढवळायला नको का!" म्हणत पिकअपमधून होडीचे वल्हे काढून थेट पिंपात घातलेत. त्या वल्ह्याने तुम्ही चाळीस वर्षे तळे ढवळले आहे, बदके हाकलली आहेत आणि एकदा पाद्रीबुवांच्या कुत्र्यालाही... असो.

लोर्नाची अट आधीपासूनच होती: ही खेप बिघडली तर पिंपे बाहेर आणि तिची गाडी गॅरेजात. बिचारी रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडून कामाला जाते. पाच आठवड्यांनी बाटली उघडली, तर कच्च्या सफरचंदासारखी आंबट आणि वर ओल्या खोगिराचा वास! मी सरळ रडलो. घरी बिअर करणाऱ्यांच्या आमच्या क्लबच्या स्पर्धेत नाव आधीच दिले होते, पण मी अंथरूण धरल्यामुळे बाटल्या लोर्ना घेऊन गेली. अर्जात बिअरचा प्रकार लिहायचा राहिला होता. तिने एक घोट घेतला आणि प्रामाणिकपणे लिहिले, "आंबट".

मामा, आंबट बिअरच्या गटात पहिला नंबर! परीक्षक लिहितात, "रानटी, धाडसी!" आता क्लबला वसंतातल्या मेळाव्यासाठी तीच हवी आहे. लोर्ना म्हणते, "आंधळ्याच्या हाती लागलेला लाडू आहे तो. पुन्हा तश्शीच करून दाखव, गॅरेज जन्मभर तुझे. नाहीतर माझी गाडी आत." एकदा करून पाहिली. अगदी निर्दोष, स्वच्छ झाली. इतके वाईट मला कधी वाटले नव्हते.

तुमचा भाचा,
आर्लेन

ता. क. वल्हे पाठवा. पुसूसुद्धा नका. (पाकीट लोर्नाच पोस्टात टाकणार आहे, पण ती दुसऱ्यांची पत्रे वाचत नाही.)

ता. क. मामा, मी लोर्ना. वल्हे जरूर पाठवा. आधी उकळत्या पाण्याने दोनदा घासून धुवा. आज सकाळी शून्याखाली अठरा होते, गाडीचे दार गोठले होते आणि मी डिकीतून आत चढून कामाला गेले.