मोठं गेलं, लहान आलं

गुरु., १२ ऑक्टोबर १९७८
लहान यंत्र आलं. सीताबर्डीच्या टाइपरायटरवाल्या गुप्ताजींचा दुपारी ऑफिसात फोन. "साहेब, बिल्टी सुटली, माल दुकानात आला. मशीन मी खुद चालवून पाहिली. मराठीच आहे, कळा सगळ्या त्याच जागी." उद्या आणायचं. मोठं बदल्यात द्यायचं ठरलं आहेच.
पंधरा वर्षं मोठ्यावर लिहिलं. कोर्टाच्या लिलावातून घेतलेलं, दोन माणसांचं ओझं. घरात जेवणाचं टेबल एकच, म्हणून रोज दोनदा वर, दोनदा खाली. कंबरेनं यंदा जाब विचारला. डॉक्टरांनी उचलणं बंद सांगितलं. शिवाय बातमीसाठी फिरतीवर ते नेता येत नाही. डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन.
काल दसऱ्याला धाकट्या बहिणीने, मालूने, मोठ्याला झेंडूचा हार घातला. म्हटलं, पुढच्या वर्षी धाकट्याला घाल. ती हार सारखा करत राहिली.

शुक्र., १३ ऑक्टो.
आणलं. पेटीसारखी डबी, वर मूठ. सायकलच्या कॅरियरवर बसतं! सकाळी गच्चीत मांडीवर घेऊन अग्रलेखाखालचा स्फुट मजकूर लिहिला. कळा अशा हलक्या की बोट ठेवायच्या आत अक्षर उमटतं. सौ. निर्मला म्हणाली, "आता तुम्ही न्हाणीतही लिहाल."
मालूने विचारलं, "दादा, मोठं द्यायलाच हवं का?"
"दोन दोन ठेवायची कुठे?"
"खरं आहे," म्हणाली आणि बालवाडीत शिकवायला गेली.

सोम., १६ ऑक्टो.
मोठं गेलं. गुप्तांची दोन माणसं हातगाडी घेऊन आली. मालूने सकाळपासून ते पुसून ठेवलं होतं, दांड्यांना तेल, रूळ स्पिरिटने साफ. म्हटलं, विकायच्या वस्तूचं एवढं कशाला? "जाताना बरं दिसावं," म्हणाली. माणसांना चहा तिनेच दिला.
टेबल मोकळं. जेवायला बसल्यावर तिघंही जरा लांब लांब बसल्यासारखं वाटलं.

गुरु., १९ ऑक्टो.
कन्हान. खाणकामगारांच्या वस्तीतल्या पाण्याची बातमी. चहाच्या टपरीच्या बाकावर लहान ठेवून तिथेच पुरी केली, साडेतीनच्या गाडीने मजकूर रवाना. पूर्वी परत येऊन, मोठं वर चढवून लिहीपर्यंत सहा वाजत. संपादक खूष. मीही. टपरीवाला बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "हे तं पेटी वाजवल्यासारखं करून राहिले तुमी."
अधिवेशनाची आता काळजी नाही.

रवि., २२ ऑक्टो.
दुपारी झोपलो होतो. खटखट ऐकून उठलो. मालू लहानावर बसलेली. मारत होती अक्षरशः. यंत्र टेबलावर चालत चालत कडेला येत होतं आणि ती एका हाताने मागे ओढत होती. कागद पाहिला: एकेक अक्षर दोनदा, दांड्या एकमेकींत अडकून मधे कोरे ठिपके.
"हळू मार की."
"हळूच मारतेय."
"हे मोठं नाही, बाई. कुरवाळायचं असतं."
हसली नाही. कागद काढून घडी केली, घेऊन गेली. मला वाटलं, गंमत म्हणून बसली असेल.

सोम., २३ ऑक्टो.
आज निर्मलाने सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवतो.
मालूला जिल्ह्याच्या लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी बोलावणं आलं आहे. चाचणी २१ नोव्हेंबरला. यंत्र उमेदवाराने स्वतःचे आणावे. वयाची अट पाहता ही शेवटची वेळ. जानेवारीत वय उलटतं. दोन वर्षं रोज दुपारी, मी ऑफिसात असताना, ती मोठ्यावर सराव करत होती. माझा अर्धा लिहिलेला कागद काढायची, तीन वाजता पुन्हा त्याच ओळीवर बसवायची. मला एकदाही कळलं नाही. रिबन लवकर झिजते म्हणून मात्र मी गुप्तांशी दोनदा भांडलो.
"मला का नाही सांगितलं?"
नि. म्हणाली, "मागच्या वेळी नापास झाली ना. म्हणाली, पास झाले की दादाला पेढा घेऊनच सांगीन. मीही गप्प बसले, चुकलंच माझं. पण तुम्ही तरी विचारलंत का, यंत्र देऊ का म्हणून?"
नव्हतं विचारलं. माझं यंत्र, मी दिलं. एवढाच विचार.
लग्न दोनदा ठरता ठरता फिसकटल्यावर मालूने तो विषय बंद केला. बालवाडीच्या मानधनात स्वतःचं साबण-तेल भागवते, कुणाकडे हात पसरत नाही. ह्या नोकरीत तिचं काय काय आहे ते मला आज दिसलं. सदतीस माणसांच्या सुखदुःखाच्या बातम्या महिन्याला लिहितो मी.

मंगळ., २४ ऑक्टो.
गुप्तांकडे. मोठं विकलं गेलं. शनिवारीच. काटोलच्या तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करून देणारे कुणी धोटे. "बोलायचं ना साहेब, मी ठेवलं असतं. आता धंद्याची चीज धंद्यात गेली." दुसरं मोठं मराठी यंत्र भाड्याने? दुकानात एकही नाही. टायपिंग क्लासवाल्यांकडची सगळी त्यांच्याच मुलांसाठी बांधलेली. तीन क्लास फिरलो.

रवि., २९ ऑक्टो.
एस.टी.ने काटोल. धोटे घरीच सापडले. पन्नाशीचा माणूस, कानावर पेन्सिल. मोठं ओसरीत, वर जुनं लुगडं झाकलेलं. माझं यंत्र ओळखून मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "हात नका लावू जी, आत्ताच सेट केलं मी त्याले."
सगळं सांगितलं. नीट ऐकून घेतलं.
"बहीण तुमची?"
"धाकटी."
"मंग मशीन विकून काहून टाकली?"
कंबरेचं दुखणं पुढे केलं.
परत विकायला तयार नाहीत. एक दिवसापुरतं? "२१ ला मंगळवार. मंगळवारी तहसीलदार जमिनीचे फेरफार ऐकतात. त्या दिवशी मले पाणी प्यायची फुरसत नसते. तुमीच सांगा, कसं देऊ?" बरोबर होतं त्यांचं. चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला आले.
घरी येऊन मालूला सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग पहिल्यांदाच चिडली. "तुला कुणी जायला सांगितलं होतं? तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. झालं ना. आता सगळ्या जिल्ह्याला सांगत फिरू नकोस, बहिणीची नोकरी, बहिणीची नोकरी."

गुरु., २ नोव्हें. भाऊबीज.
ओवाळलं. तबकात टाकायला साडी आणली होती. म्हणाली, "साडी राहू दे. लहान दे मला एकवीस तारखेपर्यंत. अख्खा दिवस. तू हात लावायचा नाहीस."
"आणि मी?"
"तू पंधरा वर्षांपूर्वी कशाने लिहायचास?"
नि. हसली. साडीही घ्यायला लावली. लहान तिच्या खोलीत गेलं.

बुध., ८ नोव्हें.
हाताने लिहितोय. अक्षर स्वतःलाच लागत नाही. छापखान्याच्या जुळारी खात्यातून भोयर वर आले, माझा कागद उभा-आडवा धरून. "साहेब, हे 'संत्री' हाय का 'मंत्री'?" संत्री. बाजारभावाची बातमी. छापली असती तर उद्या मंत्र्यांचा भाव पडला असता. ऑफिसातल्या यंत्रावर आधी दोघं बसलेले असतात, पाच वाजेपर्यंत नंबर लागत नाही. सं. म्हणाले, "तुमचं ते नवं कुठे गेलं?" घरी कामात आहे, म्हटलं.
मालूने यंत्राखाली गोधडीची चौघडी घातली आहे. आता ते कडेकडे चालत जात नाही.

गुरु., १६ नोव्हें.
मधे तीन-चार दिवस वाईट गेले. हात हलका ठेवला की वेग जातो, वेग धरला की जुना हात येतो. परवा रडली, असं नि. म्हणते, माझ्यासमोर नाही. आज सकाळी तिने मला घड्याळ धरून बसवलं. दहा मिनिटं. अडकलेली दांडी एकच. अक्षरं दोनदा नाहीत. वेग बसतो, अगदी काठावर.
मी म्हटलं, "निवड मंडळातले एक जण माझ्या ओळखीचे..."
"दादा." एवढंच म्हणाली. मी वाक्य तिथेच ठेवलं.

मंगळ., २१ नोव्हें.
चाचणी झाली.
शाळेच्या मैदानात सकाळी नऊपासून रिक्षा, हातगाड्या, एक बैलगाडीसुद्धा. प्रत्येकाचं यंत्र गोणपाटात नाहीतर सतरंजीत. मालू लहान हातात घेऊन चालत आली तेव्हा लोक बघत होते. एक जण म्हणाला, "बाई, हार्मोनियमची परीक्षा तिकडे असंन." मालू म्हणाली, "तुमची झाली का देऊन?" तो आपलं गोणपाट सोडायला लागला.
साडेनऊला फाटकाशी रिक्षा थांबली. धोटे. मांडीवर मोठं, लुगड्यात बांधलेलं.
"तहसीलदार सायेब मीटिंगले इकडंच आले. सायेब नाई तं गिऱ्हाईक नाई. म्हटलं, चाल. पण मी संग राहीन, मशीन एकटी सोडत नाई मी."
मालू पुढे झाली. लुगडं बाजूला केलं, उभ्या उभ्याच दोन ओळी मारून पाहिल्या. मी म्हटलं, घे हेच, तुझा हात आहे त्यावर. ती बोटं चोळत उभी राहिली.
"आता नाही राहिला," म्हणाली. "आता त्याच्यावर बसले तर दोन्हीकडची जाईन. माफ करा हं काका, तुम्ही एवढं आणलंत."
धोटे म्हणाले, "माफी काहून? वापस नेतो."
तेवढ्यात पलीकडे गलका. उमरेडची एक मुलगी, तिच्या यंत्राची रूळ ओढणारी कॅरेजची दोरी एस.टी.त तुटलेली. बाप दोरी हातात धरून उभा. पर्यवेक्षक घड्याळ बघत होता. मुलीचा चेहरा मी पाहिला, मालूनेही पाहिला. धोट्यांनी त्या मुलीकडे नाही, मालूकडे पाहून विचारलं, "देऊ का, वं बाई? तुमच्यासाठी आणलं होतं, म्हणून पुसून राहिलो."
जागा चार. बाहेर साठ-सत्तर तरी यंत्रं मोजली असतील मी.
मालू म्हणाली, "द्या. पण त्याचा 'र' जरा जोरात मारावा लागतो, तिला सांगा." मग स्वतःच जाऊन सांगितलं.
घंटा झाली. दारं बंद. बाहेर आम्ही तिघं: मी, धोटे, मुलीचा बाप. आतून एकदम पाऊस पडल्यासारखा आवाज. धोटे कान देऊन होते. "ते आपलं," म्हणाले, बोट वर करून. मलाही ओळखू आलं.
मालू बाहेर आली, बरं झालं म्हणाली. धोट्यांना जेवायला घरी नेलं. लहान बघून म्हणाले, "हे माह्या कामाचं नाई. याच्यावर अर्ज मारला तं तहसीलदार म्हणंन, एवढा हळू काहून बोलतो हा."

बुध., २२ नोव्हें.
आज सकाळी भाजी निवडताना मालूने निर्मलाला सांगितलं, मी पेपर वाचत होतो, मलाही ऐकू यावं असं.
उमरेडची मुलगी तिच्या मागच्याच बाकावर बसली. दहा मिनिटं मोठ्याचा आवाज पाठीशी. "दोन वर्षांची सवय, वहिनी. पहिली पाच मिनिटं कळलंच नाही. मग मोठ्याची ओळ संपल्याची घंटी वाजली आणि माझा हात आपोआप उठला. ओळ अर्ध्यात होती माझी. कॅरेज ओढून मोकळी झाले."
"मग?"
"मग काय. पुढची ओळ सुरू केली. नंतर पुन्हा एकदा तसंच होणार होतं, हात धरला."
अर्धी सुटलेली ओळ एक चूक धरतात की प्रत्येक राहिलेल्या शब्दाची एक, तिला माहीत नाही. मला माहीत करून घेता येईल. एक फोन.
मी म्हटलं, "यंत्र दिलं नसतंस तर..."
"तर ती तशीच घरी गेली असती. आणि मी सहज पास झाले असते, असं तुला वाटतं? मी काठावरच होते दादा, तूच घड्याळ धरलं होतंस." शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली: "तिचा हात छान आहे. सारखा. मी ऐकत होते ना."
लहान तिने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. खाली गोधडीसकट. संध्याकाळची बातमी त्यावर लिहिली. गोधडी काढली नाही, आवाज कमी होतो.

शनि., २५ नोव्हें.
धोट्यांचं कार्ड. मोठ्यावरच टाइप केलेलं. मशीन सुखरूप पोचली, 'र' मी सैल केला, बाईचं काय झालं ते कळवा. उमरेडवाल्यांनी संत्र्यांची पेटी पाठवली, अर्धी तुमची.
ऑफिसात सं. यांनी अधिवेशनाचं काम माझ्याकडेच ठेवलं.

रवि., २६ नोव्हें.
यादी उद्या अकराला, जिल्हा कचेरीच्या फलकावर. मालूने काल स्वतः जाऊन नोटीस वाचली. माझ्याच्याने राहवेना, आज दुपारी ओळखीच्या बाबूंचा नंबर वहीतून काढला, फोनपर्यंत गेलो, परत आलो. तीस वर्षं बातमी पक्की केल्याशिवाय झोपलो नाही. ही तिची आहे.
सोबत येऊ का विचारलं, तर नको म्हणाली. मला उद्या सकाळी नऊच्या एस.टी.ने सावनेरला जायचं आहे, ते तिला माहीत आहे. बालवाडीत तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. चार नावं असतील. अकराला ती फलकापाशी असेल. मी चारपर्यंत परत येईन, काय ते तिच्याच तोंडून ऐकायला.