पट्ट्यावरची पेटी

सावंतवाडी,
१५ सप्टेंबर १९६२

ती. भाईस,
आनंदीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र आणि मासिकाचा अंक मिळाला. चतुर्थीच्या गडबडीत उत्तर राहिलं. पाऊस अजून आहे. सासूबाईंचा दमा बरा आहे. आमची लाकडाची रंगीत फळं आणि भातुकल्या यंदा कमी खपल्या.

दिवाळी अंकासाठी 'विजेच्या मोटारीनं आमचा धंदा कसा वाढला' असा ह्यांचा अनुभव तू मागितलास. ते लिहिणार नाहीत. खेळणी कातायच्या यंत्राची ती मोटार बंद आहे. बिघडलेली नाही.

भाई, तुला मुद्दाम कळवलं नव्हतं. आषाढात आमची तुळसा खेळण्यांवर लाखेचा रंग चढवायला बसली होती. खाली पडलेला तुकडा उचलायला वाकली आणि तिची वेणी मोटारीच्या पट्ट्यात गेली. ह्यांनी बटण बंद केलं तोवर केस कातडीसकट निघाले होते. जीव वाचला. कपाळापासून मागपर्यंत आता नुसता व्रण आहे. कुडाळच्या मंडळींनी सोयरीक मोडली. हे तेव्हापासून कामाच्या खोलीत गेले नाहीत.

मोटार घ्या, असं तुझ्याच मासिकात वाचून आम्ही ती घेतली. पट्टा झाका, एवढं मात्र त्यात नव्हतं. तुझ्यावर राग नव्हता म्हटलं तर खोटं होईल. कितीतरी दिवस तुझं अक्षर दिसलं की मी पत्र न फोडता ठेवून देत होते.

परवा शिरोड्याचा लवू सुतार आला. हातात तुझा अंक. म्हणाला, "मोटार घेतंय. तुमची कशी चलता ती बघूक इलंय."

हे मान खाली घालून बसले. मी काहीतरी सांगून त्याला वाटेला लावणार, तोच तुळसा आतून आली. बाहेरच्या माणसासमोर ती येत नाही. तिनं डोक्यावरचं फडकं काढलं.

"घराकडे बायलमाणसां आसत?" तिनं विचारलं.

"बायको आसा. बहीण आसा." लवू म्हणाला.

"मगे आधी पट्ट्यार लाकडाची पेटी घाला. नंतर बटण दाबा. बाबा, तेंका माप दाखवा."

हे उठले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच मटकन बसले, तोंड झाकून. शेवटी तिनंच लवूला खोलीत नेलं आणि पेटी कुठून कुठवर हवी ते दाखवलं. मग ती बाहेर आली. फडकं बांधायला मी पुढं झाले, तर माझा हात बाजूला करून म्हणाली, "ऱ्हवांदे गो आये."

हे सगळं छाप. तिचं नाव घालून छाप, असं ती स्वतः म्हणते.

दसऱ्याला तू येणार आहेस. ये. ती तुझ्या पाया पडेल तेव्हा डोकं उघडंच असेल. आमच्या माणसांपैकी एकानंही अजून तिच्याकडे नीट पाहिलेलं नाही. मीसुद्धा नाही. तू तरी नजर वळवू नकोस.

तुझी धाकटी बहीण,
आनंदी