इंची आट्यांचे स्क्रू

४ ऑक्टोबर
परत एक स्क्रू गायब! परवा सीटचा, आज पायपट्टीचा — वल्हवताना पाय रोवतात ती. आता ती लोंबतेय नुसती. आतोबांची ही दोन माणसांची कयाक. पुढे आत्या, मागे ते. ते गेल्यापासून आत्या पाण्याकडे फिरकलेली नाही, होडी अंगणात उन्हात पडून. "नीट कर नि घेऊन जा," असं तिनेच सांगितलं होतं. नदीचं पाणी उतरायच्या आत निघायचं. थेट खाडीपर्यंत! एकटी!

५ ऑक्टोबर
बाजार पालथा घातला. सगळीकडे एमएमचे स्क्रू, आपले आटे इंची. हार्डवेअरवाला म्हणतो, "ताई, त्यापेक्षा नवरा शोधा, लवकर मिळेल!" मेला.
एमएमचाच आणून दामटला. दोन वेढे गेला नि अडकला. आत्या धावत आली. "अगं, जबरदस्ती नको! आतला पितळी नट फिरला तर संपलं. तुझे आतोबा कधी..." पदराने होडीवरची धूळ पुसत म्हणाली, "राहा की अजून. तुझ्या तर पायाला भिंगरीच!"

७ ऑक्टोबर
काही नाही. बदकं बघत बसले.

९ ऑक्टोबर
सापडले!!! निघाले होते स्क्रूला, रमले फोटो स्टुडिओच्या काचेपाशी. आत कॅमेऱ्याचा स्टँड. त्याच्या स्क्रूला — तेच आटे! फोटोवाले काका म्हणाले, "फोटो नाही काढायचा? मग काचेत केस कशाला सारखे करत होतीस?" पण मोडक्या स्टँडचे दोन काढून दिले. फिट्ट बसले! उद्या निघते.
"बरं झालं," आत्या म्हणाली. आणि मला भाजी वाढायची विसरली.

१० ऑक्टोबर
पुढच्या हँडलचा स्क्रू गेला.
आज मात्र नीट बघितलं. होडी उन्हाने पार फिकट गुलाबी झालीय. पण स्क्रू गेला तिथे वायसरएवढं गोल — लालभडक, कोरं. जुना पडलेला असता तर तेही विटलं असतं ना? म्हणजे मी आल्यावरच गेला. आणि घरात आम्ही दोघीच.
आधी चिडलेच. तणतणत आत गेले तर आत्या दोन कप मांडत गुणगुणत होती. मी आले त्या दिवशी एकच कप खाली होता. बाकीचे वर, धूळ बसलेले.
परत बाहेर आले, पेचकस घेतला, मागच्या हँडलचा स्क्रू काढला, खिशात टाकला.
"आत्या, अजून एक गेला गं!"
"अगं बाई!" — काय चेहरा खुलला तिचा!

१२ ऑक्टोबर
आत्याने माझी पँट धुवायला घेतली नि खिशात हात घातला. स्क्रू! बघतच राहिली. मग साखरेच्या डब्यातून आपले तीन काढून त्याच्याशेजारी ठेवले. हसावं की रडावं, दोघींनाही कळेना.
शेवटी डोळे पुसून म्हणाली, "पुढची पायपट्टी जवळ घे जरा. माझे पाय आखूड आहेत."