साहेबांच्या आईची छत्री

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा धरला आहे, तेव्हा आठांपैकी एक अंग येणे बाकी समजावे.) तुमचा खोकला कसा आहे? मामींनी केलेला काढा तुम्ही गुपचूप कुंडीत ओतता हे आईकडून कळलं, आणि कुंडीतलं रोप वाळलं हेही कळलं. तेव्हा काढा न पिण्याचा तुमचा निर्णय योग्यच म्हणायला हवा. हार्डवेअरचं दुकान जोरात चालू असेलच. खिळ्यांना मंदी नसते, असं तुम्ही नेहमी म्हणता. इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे ज्यांचं आहे त्यांचं आहे.

गेल्या भेटीत तुम्ही विचारलं होतं, की ही मालिका घरोघरी बघतात, ती लिहितोस तू, मग चप्पल शिवून शिवून का घालतोस? मी तेव्हा हवापाण्यावर घसरलो. आता सांगतो. आमच्या कंपनीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मोठे साहेब बसतात. त्यांची खुर्ची बटण दाबलं की पाठ रगडून देते. तळमजल्यावर, जनरेटरच्या शेजारच्या खोलीत, आम्ही सहा लेखक आणि पाच खुर्च्या. सहावी खुर्ची मागून मागून आमचं तोंड दुखलं, तेव्हा आम्हीच एक पद्धत पाडली: ज्याची उभं राहायची पाळी, त्याला त्या दिवशी मालिकेतलं एक पात्र मारायची मुभा. (मालिकेत माणसं एवढी पटापट का मरतात, असं मामी विचारत होत्या. त्यांना सांगा, पाय दुखतात म्हणून.)

खुर्चीची ही कथा, तर पगारवाढीचं काय विचारता. शेवटी यंदा आम्ही सगळ्यांनी सह्या करून अर्ज दिला, की वाढ द्या, नाहीतर लिहिणं बंद. अर्ज मीच लिहिला होता. तो वर गेला आणि पाठोपाठ मलाही वर बोलावणं आलं. साहेब फार प्रेमाने वागले, कॉफी दिली. म्हणाले, अर्जाला मला सगळ्यांसमोर भाषणातून नकार द्यायचाय, आणि आपल्या कंपनीत तुमच्याइतकं चांगलं कोण लिहितं? मामा, तिथेच नाही म्हणायला हवं होतं. म्हणणारही होतो. पण तेवढ्यात त्यांच्या सेक्रेटरीने लिहिलेला कच्चा खर्डा माझ्यापुढे आला आणि त्याची सुरुवात होती 'सद्य आर्थिक परिस्थिती पाहता'. आता तुम्हीच सांगा, या वाक्यावर कुणी रडेल का? वाकडी फळी दिसली की सुताराचा हात रंध्याकडे जातोच. फळी कुणाच्या घराची आहे हे तो मागाहून बघतो.

मी साहेबांना एक गरीब आई दिली. (त्यांची खरी आई तीन बंगले बाळगून मजेत आहे.) आईच्या हातात एक फाटकी छत्री दिली, आणि ती छत्री शाळेतून येताना मुलाच्या डोक्यावर धरून आईला भिजत चालवलं. मग म्हटलं, ही कंपनी नाही, हे घर आहे, आणि घरात कुणी पगारवाढ मागतं का? आता साहेबांची एक सवय अशी, की ते भाषण आधी वाचत नाहीत, पहिल्यांदा वाचतात ते थेट माइकसमोर. त्यामुळे छत्री आली तेव्हा ती त्यांनाही नवीनच होती. त्यांचा गळा दाटला. सभागृह रडलं. मी रडलो. टाळ्या वाजवायला सगळ्यात आधी उभा राहिलो तोही मीच. अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी मागे घेतला.

पुढच्या आठवड्यात पेपरात आलं, की कठीण काळात माणसं सांभाळून घेतल्याबद्दल संचालक मंडळाने साहेबांचा पगार दुप्पट केला. आम्हा सहा जणांचा पगार त्या नुसत्या वाढीत मावतो आणि वर चहापाण्याचं सुटतं.

खोलीत माझ्याशी कुणी बोलेना. बोलली फक्त अश्रूताई. ही आमच्यातली सगळ्यात जुनी. मालिकेतले रडायचे प्रसंग ती लिहिते आणि स्वतः कधी रडत नाही. माझ्या भाषणाला मात्र रडली होती. ती म्हणाली, "छत्री छान होती रे." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, की महिनाअखेर ती सोडतेय, बहिणीच्या शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करणार आहे, तिथे निदान पैसे वेळेवर वाढतात. मामा, मला फार वाईट वाटलं. माणसाला रडवायचं असेल तर त्याच्या हातात एखादी वस्तू द्यावी, हे मला तिनेच शिकवलं, आणि त्याच युक्तीने मी तिला घालवलं.

असो. शुक्रवारी मालिकेचा मोठा समारंभ आहे. पत्रकार येणार, संचालक येणार. साहेबांना पुन्हा भाषण हवंय, 'लेखक हाच आमचा कणा' या विषयावर. छत्री परत घाला म्हणाले. घातली आहे.

मामींना नमस्कार, आणि कुंडीत आता जरा काटक रोप लावा.

तुमचा भाचा

ता. क. : दुकानात गल्ल्यावर बसायची जागा तुम्ही मला दर भेटीत देऊ करत होता आणि मी दर वेळी कलेबिलेचं काहीतरी बोलून तुमचा अपमान करत होतो. ती जागा अजून रिकामी आहे का? विचारायचं कारण, शुक्रवारी छत्रीनंतर साहेब असं म्हणणार आहेत, की आई आज इथे असती तर म्हणाली असती, बाळा, आधी लिहिणाऱ्यांना दे. आणि लगेच पुढे, 'म्हणून मी माझी सगळी वाढ आजपासून लेखकांना वाटून देत आहे.' साहेबांना हे अर्थातच माहीत नाही. पण एकदा गळा दाटला की ते थांबत नाहीत, आणि पत्रकारांसमोर बोललेलं गिळता येत नाही. गल्ल्यामागे खुर्ची आहे ना, तेवढं कळवा.

ता. क. २ : अश्रूताईने भाषणाचा मसुदा वाचला. मी 'लवकरच' लिहिलं होतं. 'आजपासून' तिने केलं.

ता. क. ३ : जागा भरली असेल, तर शुक्रवारनंतरच कळवा. भाषण वर गेलं आहे.