पहिल्या व्हायोलिनचं कोपर

ता. ९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत, तुम्हीही असाल. एवढं लिहिलं की पत्र सुरू झालं असं आई म्हणायची, तेव्हा झालं सुरू. बायकोचा गुडघा बरा आहे. मुलगी कॉलेजात रमली आहे; फोन करत नाही, म्हणजे रमलीच असणार. बाबा बरे आहेत.

काम असं की आपल्या सिंफनी ऑर्केस्ट्राला यंदा चाळीस वर्षं होतात आणि स्मरणिकेसाठी त्याचा इतिहास लिहायचं माझ्या गळ्यात पडलं आहे. कमिटीचं म्हणणं, माझ्यासारख्या व्हिओलावाल्यांना वाजवायला कमी असतं, त्यांनी लिहावं. मी हो म्हणून बसलो. विमा कंपनीत उभा जन्म जळक्या घरांतून हिंडण्यात गेला, कोणाची आग खरी आणि कोणी स्वतःच काडी लावली ते ओळखण्यात. एका वाद्यवृंदाचा इतिहास काय, चहा पिता पिता लिहू असं वाटलं.

सुरुवात सोपी गेली. बाबा बस डेपोत वेळापत्रकं लावायचे. डेपोचं जेवणघर गुरुवारी संध्याकाळी रिकामं असायचं, तेवढ्यावर त्यांनी सिंफनी काढली. पगार नाही, मानधन नाही, उलट खुर्चीसुद्धा ज्याची त्याने आणायची. खुर्ची विसरला तो उभ्याने वाजवणार, हा नियम अजून चालू आहे. ट्रॉम्बोनवाले बेकरीकाका पहिल्या वर्षी पावाच्या उलट्या क्रेटवर बसायचे, आणि ओबोवाली दातांची डॉक्टर दवाखान्यातलं फिरतं स्टूल आणायची. बाहेर इंजिन सुरू झालं की चेलो बुडायचे, आणि बाबा छडी न थांबवता सांगायचे की ही अमुक गाडी, आज उशिरा सुटली. (कंडक्टरच्या बॅटनला छडी म्हणणारं आपलं एकच घर असेल.) त्यांचा ताल कधी चुकला तर सूर्य पश्चिमेला उगवेल, असं आईला वाटायचं.

घोडं अडलं ते बारा वर्षांपूर्वीच्या कॉन्सर्टपाशी. तो प्रसंग तुला मी काय सांगणार, तू पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर होतीस. शेवटचा भाग चालू असताना बाबांनी छडी स्टँडवर ठेवली, हात खाली घेतले, आणि ऑर्केस्ट्रा आपला आपण शेवटपर्यंत वाजत राहिला. लोक उभे राहिले. बाबांनी त्यानंतर छडी कधी हातात घेतली नाही. तेव्हापासून दर वर्षी शेवटचा भाग कंडक्टरशिवाय वाजवायची प्रथा आहे. नवा कंडक्टर छडी ठेवतो, बाजूला उभा राहतो, आणि बायका डोळे पुसतात.

त्या दिवशी वाजवणाऱ्या तिघांना मी वेगवेगळं गाठून विचारलं. तिघेही म्हणाले, "केवढा विश्वास आमच्यावर!" शब्द तेच, मान हलवणंही तेच. ताई, खरं आठवणारी माणसं एकमेकांशी भांडतात. एक म्हणतो दिवे बंद होते, दुसरा म्हणतो चालू होते. सारखं बोलतात ते पाठ केलेलं बोलतात. शिवाय मी तुझं नाव काढलं की बेकरीकाकांना भट्टी आठवते आणि डॉक्टरीणबाईंना पेशंट.

मी तेव्हा बदलीवर होतो. परत आलो तर तू त्याच आठवड्यात गाव सोडून गेलेली. बाबा म्हणाले, तिला चांगली नोकरी मिळाली. आई गेली तेव्हा आलीस, पण बाबांशी "जेवलात का" याच्यापलीकडे बोलली नाहीस. तुझी खुर्ची आमच्याकडे आहे, बायको तिच्यावर चढून माळ्यावरचे डबे काढते.

त्या दिवशी काय झालं होतं? सरळ सांग, म्हणजे मला वाकड्यात शिरावं लागणार नाही.

तुझा
शंकासूर
(नाव तूच ठेवलंस, आता तूच निस्तर.)


ता. २ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "बाबांनी छडी ठेवली, आम्ही वाजवत राहिलो, तसंच लिही." बस. घरमालक आगीची हकिगत दोन वाक्यांत सांगतो, तेव्हा मी जिना पुन्हा चढतो. खाली बारीक अक्षरांत बाबांची प्रकृती विचारली आहेस. बरे आहेत. हल्ली पलंगावरच असतात, एवढंच.

मी दाढ दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दाढ धडधाकट होती. त्यांनी आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि हातमोजे काढून ठेवले. मी सरळ विचारलं, की बाबा थांबले तेव्हा एकही माणूस कसा चुकला नाही? पगारी ऑर्केस्ट्रासुद्धा निदान दचकेल. हे तर पाववाले, दातवाले, डेपोतले मेकॅनिक.

त्या म्हणाल्या, "दचकायला आधी कळायला हवं ना. आम्ही तुझ्या बाबांकडे बघतच नव्हतो."

मग सगळं बाहेर आलं. त्याआधीचे दोन सीझन बाबांचा हात भरकटायचा म्हणे. मध्येच घाई, मध्येच रेंगाळणं. कोणी काही बोललं नाही, बैठक नाही की कुजबुज नाही. हळूहळू एकेकाची नजर छडीवरून सरकली आणि तुझ्या उजव्या कोपरावर बसली. कोपर वर गेलं की सूर धरायचा, खाली आलं की सोडायचा. मागे बसलेल्यांना ते दिसायचं नाही, म्हणून ते पुढच्यांच्या खांद्यांकडे बघायचे. बाबा समोर उभे राहून हवेत हात फिरवायचे आणि सगळे आदराने त्यांच्या दिशेला तोंड करून तुला बघायचे. वाजवणाऱ्यांना यात काही वावगं वाटत नाही, जहाज बुडू नये म्हणून ते असं करतात. पण त्यांची सवय एवढी मुरली, की जहाजाचा कप्तान खाली उतरला तरी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढचं बेकरीकाकांकडून काढलं. काढताना घाम फुटला. "अरे, इतिहास लिहायचाय ना? मग पंचनामा कशाला करतोस?" असं म्हणून ते पीठ मळत राहिले. मीही हात धुऊन त्यांच्या शेजारी मळायला लागलो, तेव्हा बोलले. बाहेर टाळ्या चालू होत्या आणि पडद्यामागे बाबा तुझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणाले, "तुम्हाला पकडायलाच थांबलो होतो. माझ्या डोळ्यांदेखत हिने ऑर्केस्ट्रा चोरला." तू एक शब्द बोलली नाहीस. व्हायोलिन पेटीत ठेवलंस, खुर्ची तिथेच सोडलीस. दुसऱ्या दिवशी गावात जो तो विश्वासाची गोष्ट सांगत होता, आणि हे सगळे गप्प बसले. प्रथा सुरू झाल्यावर तर बोलायची सोयच राहिली नाही.

म्हणजे चाळीस वर्षांत आम्ही ज्याची सर्वांत जास्त फुशारकी मारली, तो एक सापळा होता. दर वर्षी आम्ही तो टाळ्यांच्या कडकडाटात पुन्हा लावतो.

बाबांचा राग आला आहे. पण खोटं कशाला बोलू, थोडा तुझाही संशय येतो. बेकरीकाका म्हणाले, अख्ख्या स्टेजवर बाबांकडे बघणारी तू एकटी होतीस. म्हणजे ते थांबले हे तुला दिसलं. तू थांबली असतीस तर सगळे थांबले असते. तू वाजवत राहिलीस. का? ऑर्केस्ट्रा तुझा आहे हे त्यांना दाखवायचं होतं का? तसं असेल तरी मी तुझ्या बाजूने आहे, लहानपणापासून तुझ्याच बाजूने आहे. फक्त मला माहीत हवं.

पुढच्या आठवड्यात बाबांनाच विचारणार आहे.

तुझा
शंकासूर


ता. २१ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. आता नाही आलं तरी चालेल.

बाबा बरे आहेत असं मी दोनदा लिहिलं. ते बरे नाहीत. डॉक्टर म्हणतात आता औषध वाढवण्यात अर्थ नाही, शांतपणे राहू द्या. माणसं कधी ओळखतात, कधी नाही. मला परवा डेपोतला कोणी समजून सुट्टी मंजूर केली. हे तुला आधी कळवायला हवं होतं. पण तू केवळ ते आजारी आहेत म्हणून यावंस आणि पुन्हा "जेवलात का" म्हणून परत जावंस, हे मला नको होतं. आधी प्रकरणाचा छडा लावू, मग तुला बोलावू, असा माझा शहाणपणा.

रविवारी सकाळी त्यांचं डोकं ताळ्यावर होतं. मी सूप भरवत होतो. चमचा ठेवला आणि विचारलं, की बाबा, त्या दिवशी तुम्ही खरंच पकडायला थांबलात का? मला वाटलं चिडतील, नाहीतर कोणता दिवस म्हणून विचारतील. ते खिडकीकडे वळले. बाहेर बस गेली. ती कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग म्हणाले, "थांबलो कुठे रे? हरवलो."

मी सूपाची वाटी खाली ठेवली.

"कुठला भाग, कुठली ओळ, काही सुचेना. कानावर येत होतं, पण ते काय आहे तेच कळेना. हात हलवला तर लोकांना दिसेल, म्हणून छडी ठेवून दिली. वर बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं."

"मग चोर कशाला म्हणालात तिला?"

"सगळे उभे होते समोर," बाबा म्हणाले. "त्यांना काय सांगणार होतो?"

ताई, ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या, त्याला स्वतःची जागा सापडेना. संशयी म्हातारा म्हणवून घेणं त्यांना परवडलं, विसरलेला म्हातारा नाही. आणि तुला हे त्या क्षणापासून माहीत होतं. तू थांबली असतीस तर भर सभागृहात सगळ्यांना कळलं असतं की बाबा हरवले. तू कोपर चालू ठेवलंस. नंतर पडद्यामागे तोंड उघडलं असतंस तरीही कळलं असतं. तू गाव सोडलंस. बारा वर्षं चोर म्हणवून घेतलंस, आणि गेल्या महिन्यात मला कार्ड लिहिलंस तेव्हाही दोन वाक्यांच्या आड त्यांनाच लपवलंस. माझी विद्या तुझ्यापुढे पाणी भरते. तुझ्यावर संशय घेतला याची लाज वाटते, आणि तू हे एकटीने सोसलंस याचा रागही येतो.

इतिहास लिहून दिला. बाबांनी छडी ठेवली, आम्ही वाजवत राहिलो, तसंच. एक वाक्य मी पदरचं घातलं आहे: त्या वेळी पहिल्या खुर्चीवर त्यांची मुलगी होती. कमिटीने विचारलं, याची काय गरज? मी म्हणालो, हे वाक्य काढलंत तर पुढचं मी तोंडी सांगेन. राहू दिलं.

आता खरं काम. बाबा दुपारी पडल्या पडल्या ताल धरतात. चादरीवर उजवा हात वर-खाली होतो, अगदी शिस्तीत. मध्येच कुठेतरी थांबतो. मग ते मान डावीकडे वळवतात आणि वाट बघतात. आधी मला वाटलं पाणी हवं असेल. पाणी दिलं तर पीत नाहीत. मग उमगलं, कंडक्टरच्या डावीकडे पहिली व्हायोलिनं बसतात.

त्यांच्या डाव्या हाताला कपाट होतं. मी आणि बायकोने मिळून ते सरकवलं. माळ्याचे डबे काढायला आता स्टूल आणलं आहे, आणि तुझी खुर्ची पुसून तिथे ठेवली आहे. बाबांनी ती बघितली. कोणाची म्हणून विचारलं नाही.

व्हायोलिन आणलंस तर उत्तम, नाही आणलंस तरी चालेल. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. त्यांना दिसेल अशी बस, आणि त्यांचा हात थांबला की नुसतं कोपर वर घे.

लवकर ये.

तुझा धाकटा,
ज्याला आता काहीच विचारायचं उरलेलं नाही