शिसं आणि भोपळा

मुक्काम मालवण

शालूच्या आजोबास सगुणाचा दुरूनच पाया पडून नमस्कार. पोरीला दर्यावर आणल्याच्या रागानं तुम्ही फोन उचलत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. गुडघ्याला तेल लावता ना?

आपली शालू काल दर्यात उतरली! चाकाची खुर्ची बोटीवर, अन् पोरगी पाण्याखाली. तिच्यासारखी पाय गेलेली आणखी माणसं आल्ती, सगळी हसून राह्यली.

माझं तर डोकंच चालंना. आपल्याकडं विहिरीत पोर बुडू नये म्हणून वाळका भोपळा बांधतात. हे लोक पोर खाली जावं म्हणून कमरेला शिसं बांधतात! मी ओरडले, "अरे बाबा, उलटं बांधलं!" शिसं बांधणारा पोरगा म्हणे, "बरोबर आहे, आजी."

पाठीवर हवेची टाकी, संगं दोघं जण. मंग वर आली ती ओरडतच, "आजी, खाली मला कुणी उचललं न्हाई! मी हातानंच फिरले!"

आता म्हणती, आपल्या विहिरीत उतरायचं. तिचे पाय गेल्यापासून तुम्ही विहिरीवर जाळी टाकली. तुम्हीच बोला तिच्याशी, फोन उचला. अन् माळ्यावरचा भोपळा काढून बघा, फुटला तर न्हाई.

तुमची,
सगुणा